समाजकार्याची पदवी: घ्यायची तर फील्डवर्क बघून घ्या

माणसांसोबत काम करायला शिकवणाऱ्या पदव्यांची माहितीपत्रकं एकमेकांसारखीच दिसतात. मानसशास्त्र असतं, समाजशास्त्र असतं, समुपदेशन असतं आणि शेवटी 'क्षेत्रकार्य', म्हणजे संस्थेत जाऊन प्रत्यक्ष केलेलं फील्डवर्क, अशी एक ओळ असते. हे परीक्षण त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतं, कारण या शिक्षणाचा कस तिथेच लागतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याने लिहिलेला फील्डवर्कचा अहवाल आठवड्याभरात वाचून, समासात शेरे लिहून परत मिळत असेल आणि त्यावर समोरासमोर बसून चर्चा होत असेल, तर ते महाविद्यालय निवडावं. इमारत जुनी असो, ग्रंथालय लहान असो, चालेल. अहवाल सत्राच्या शेवटी गठ्ठ्याने जमा होत असतील आणि त्यांवर फक्त सही पडत असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही पदवी अर्धीच मिळते.

पण आधी कोणती पदवी घेतोय हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सर्वांत महागडी चूक इथेच होते. 'ह्यूमन सर्व्हिसेस' आणि 'सोशल वर्क' (म्हणजे समाजकार्य) ही दोन वेगळी घराणी आहेत. पहिलं अमेरिकेत १९६० च्या दशकात वाढलं. १९६३ च्या कायद्याने तिथे समाजाच्या पातळीवर मानसिक आरोग्य केंद्रं उघडायचं धोरण आलं आणि त्यांना कमी काळात तयार होणारी, अनेक प्रकारची कामं करू शकणारी माणसं हवी होती. म्हणून दोन वर्षांचे, अनेक विषयांचं मिश्रण असलेले अभ्यासक्रम निघाले. त्यातून बाहेर पडलेली माणसं निवारागृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, वृद्धांच्या निवासात, पुनर्वसन केंद्रात काम करतात, केस मॅनेजर होतात. कामं खरी आहेत आणि गरजेची आहेत. मात्र अनेक देशांत 'सोशल वर्कर' हे नाव लावायला परवाना किंवा नोंदणी लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त समाजकार्याचीच पदवी चालते. चार वर्षं ह्यूमन सर्व्हिसेस शिकून झाल्यावर परवान्याची परीक्षा देता येत नाही असं कळलं, तर ती वर्षं कोणी परत देत नाही. प्रवेशाआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: या पदवीवर कोणती नोंदणी किंवा परवाना मिळतो? उत्तर 'बऱ्याच संधी आहेत' असं आलं तर परवाना मिळत नाही असं समजावं.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला किमान ४०० आणि पदव्युत्तर पदवीला किमान ९०० तास फील्डवर्क लागतं. ह्यूमन सर्व्हिसेसच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेची अट दोन वर्षांच्या पदवीला २५० आणि चार वर्षांच्या पदवीला ३५० तासांची आहे. ऑस्ट्रेलियात १,००० तास लागतात. इंग्लंडमध्ये २०० दिवस, त्यातले ३० दिवस कौशल्यांच्या सरावासाठी. आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला आठ तास धरले तर २५० तास सोळा आठवड्यांत संपतात, ४०० तासांना २५ आठवडे लागतात आणि ९०० तासांना ५६ हून थोडे जास्त. सोळा आठवड्यांत माणूस संस्थेचं कामकाज ओळखतो, सेवार्थींचा, म्हणजे मदत घ्यायला येणाऱ्या माणसांचा, थोडा विश्वास मिळवतो, आणि खरं शिकायला सुरुवात होते तेव्हाच निघायची वेळ येते. म्हणून दोन पर्यायांत बाकी सगळं सारखं असेल तर जास्त तासांचा अभ्यासक्रम घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अर्थात तासांचा आकडा फसवतोही. नोंदवहीत १६ तास असतात आणि त्यातले नऊ तास झेरॉक्स काढण्यात, नोंदणीचे फॉर्म संगणकात भरण्यात, कार्यक्रमाला खुर्च्या लावण्यात गेलेले असतात. संस्थेला माणूसबळ हवं असतं, महाविद्यालयाला विद्यार्थी पाठवायला जागा हवी असते, आणि या दोघांच्या सोयीत विद्यार्थ्याचं शिक्षण हरवतं. आमची कसोटी अशी: पहिले तीन आठवडे सोडले, तर आठवड्याच्या तासांपैकी निम्मे तरी सेवार्थींसोबत प्रत्यक्ष जायला हवेत. भेट, गटाची बैठक, गृहभेट, दुसऱ्या संस्थेत त्यांच्यासोबत जाणं, हे सगळं त्यात धरावं. उरलेल्या वेळात नोंदी, टीमच्या बैठका आणि वाचन. प्रवासाचा वेळ तासांत मोजणारी महाविद्यालयं टाळावीत.

फील्डवर्क आठवड्यातून दोन दिवस वर्गांसोबत चालावं की सलग काही महिने व्हावं, यावर प्राध्यापकांमध्ये जुना वाद आहे. शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी दोन दिवसांची पद्धत चांगली. मंगळवारी भेटीत अडखळलं तर गुरुवारी वर्गात त्यावर बोलता येतं, पुढच्या मंगळवारी पुन्हा करून बघता येतं. शेवटच्या वर्षी मात्र सलग काम हवं. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णालयाचा किंवा निवारागृहाचा खरा दिवस कधी कळतच नाही, कारण संकटं नेमकी उरलेल्या पाच दिवसांतही येतात.

सुपरव्हिजन

या क्षेत्रात सुपरव्हिजनचा अर्थ देखरेख एवढाच नसतो. समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७० च्या दशकात तिची तीन कामं सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. बहुतेक ठिकाणी पहिलंच होतं. हजेरी बघतात, तास मोजतात, सही करतात. दुसरं आणि तिसरं होतंय की नाही हे ओळखायला एक साधा गुणाकार पुरतो. एका प्राध्यापकाकडे २० विद्यार्थी असतील, प्रत्येकाचा अहवाल वाचायला अर्धा तास आणि चर्चेला एक तास धरला, तर आठवड्याचे ३० तास झाले. वर्ग घेऊन, परीक्षा सांभाळून हे कोणालाही जमणार नाही. आठ विद्यार्थी असतील तर हेच काम १२ तासांत होतं आणि नीट होतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी 'एका सुपरव्हायझरकडे किती विद्यार्थी' हा आकडा विचारावा. दहा-बाराच्या वर आकडा गेला की वैयक्तिक चर्चेच्या जागी गटचर्चा येते. गटचर्चा उपयोगी असते, पण दहा जणांसमोर 'मला त्या माणसाची भीती वाटली' असं फार थोडे विद्यार्थी बोलतात.

संस्थेतला सुपरव्हायझर कोण आहे हेही बघावं. संस्थाचालक सज्जन आणि अनुभवी असतात, पण समाजकार्य शिकलेली व्यक्ती संस्थेत नसेल तर विद्यार्थ्याला काम मिळतं, कामामागचा विचार मिळत नाही. चांगली महाविद्यालयं अशा वेळी बाहेरचा प्रशिक्षित सुपरव्हायझर जोडून देतात.

संवाद-नोंद

समाजकार्याच्या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं साधन म्हणजे संवाद-नोंद, इंग्रजीत प्रोसेस रेकॉर्डिंग, आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरलं जाणारंही तेच. भेटीतल्या दहाएक मिनिटांचा संवाद आठवून, जसा झाला तसा लिहायचा. पानाचे चार रकाने करायचे. पहिल्यात कोण काय म्हणालं. दुसऱ्यात त्या क्षणी विद्यार्थ्याच्या मनात काय आलं. तिसऱ्यात त्याने काय करायचा प्रयत्न केला: प्रश्न विचारला, भावना शब्दांत मांडली, गप्प राहिला, सल्ला दिला. चौथा रकाना सुपरव्हायझरसाठी रिकामा. भेटीत समोर वही उघडून लिहायचं नाही, पण त्याच दिवशी झोपण्याआधी लिहून काढायचं. दोन दिवसांनी लिहिलं तर स्मृती संवादाला इस्त्री करते आणि अडखळलेल्या जागा गायब होतात. शिकायचं तर त्या जागांवरूनच असतं.

समजा सेवार्थी बाई म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे." विद्यार्थी म्हणाला, "छान. मग गोळ्या वेळेवर घेता ना?" दुसऱ्या रकान्यात तो प्रामाणिकपणे लिहितो: मला गोळ्यांचं विचारायचंच होतं, वेळ कमी होता. इथे सुपरव्हायझरचा शेरा असा हवा: 'ठीक' म्हणताना त्या कुठे बघत होत्या? 'छान' म्हणून तुम्ही दार लावलंत. 'ठीक म्हणजे कसं?' एवढं म्हणून थांबला असतात तर? अशा एका शेऱ्यातून मुलाखतीच्या तंत्रावरच्या दोन व्याख्यानांपेक्षा जास्त शिकायला मिळतं. प्रवेशाआधी महाविद्यालयाला विचारावं की ओळख पुसलेली, शेरे असलेली एखादी जुनी संवाद-नोंद बघायला मिळेल का. ज्यांच्याकडे ती असते ते आनंदाने दाखवतात.

नोंद बिघडण्याची दोन कारणं ठरलेली. पहिलं म्हणजे तिला गुण असतात. गुण असले की विद्यार्थी स्वतःला शहाणं दाखवणारे संवाद लिहितो. संवाद-नोंदीला गुण देऊच नयेत, ती लिहिणं बंधनकारक असावं, बस. दुसरं, सेवार्थीचं नाव, पत्ता, आजार सगळं उघड लिहून ती वही सगळीकडे फिरते. नावाऐवजी क्रमांक, आणि गावाचं, शाळेचं, नोकरीच्या जागेचं नाव गाळायचं, हे पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं.

वर्गात काय मिळतं

मुलाखतीच्या सरावाचा तास, ज्याला हल्ली स्किल लॅब म्हणतात, चांगला चालवला तर फील्डवर्कच्या खालोखाल उपयोगी. दोघांनी भूमिका करायची, तिसऱ्याने निरीक्षण करायचं, पंधरा मिनिटं, व्हिडिओ काढायचा, मग तो थांबवत थांबवत बघायचा. अडचण अशी की वर्गमित्र सेवार्थी झाला की तो मदतीला तयार, बोलका आणि समजूतदार सेवार्थी होतो. खरी माणसं तशी भेटत नाहीत. उपाय सोपा आहे. सेवार्थीची भूमिका करणाऱ्याला एक कार्ड द्यायचं, त्यावर अशी एक गोष्ट लिहिलेली असते जी त्याने आपणहून सांगायची नाही. योग्य प्रश्न आला किंवा पुरेशी शांतता मिळाली तरच सांगायची. शांततेचा सरावही वेगळा घ्यावा लागतो. नव्या विद्यार्थ्याला दहा सेकंदांची शांतता असह्य होते आणि तो सल्ला देऊन मोकळा होतो.

'का' हा प्रश्न टाळायलाही इथेच शिकवतात. 'तुम्ही गोळ्या का बंद केल्या?' विचारलं की माणूस कारणं देत स्वतःचा बचाव करायला लागतो. 'गोळ्या बंद केल्या त्या आठवड्यात काय काय झालं?' विचारलं की हकीकत समजते. मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा: सेवार्थी वयाने कितीही लहान असो, पहिल्या भेटीत 'तुम्ही'च म्हणावं. अपवाद लहान मुलांचा. मदत घ्यायला आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात अरे-तुरे झालं की पुढचं सगळं त्याच पायरीवरून होतं.

सिद्धान्ताचे तास ठीकठाक असतात. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्याची (एकेका माणसासोबतच्या कामाची, म्हणजे केसवर्कची) सात तत्त्वं सगळीकडे शिकवतात: व्यक्तीचं वेगळेपण, भावनांची हेतुपूर्वक अभिव्यक्ती, कार्यकर्त्याचा नियंत्रित भावनिक प्रतिसाद, स्वीकार, निवाडा न करण्याची वृत्ती, स्वनिर्णय, गोपनीयता. परीक्षेत सात मुद्दे लिहून सात गुण मिळतात आणि विषय संपतो. खरं शिक्षण दोन तत्त्वं एकमेकांवर आदळतात तिथे आहे. दोनदा पडून हाड मोडलेल्या वृद्ध बाई एकट्याच राहायचा आग्रह धरतात. स्वनिर्णय मानायचा की सुरक्षितता? त्यांची निर्णयक्षमता शाबूत आहे का, हे कोण आणि कसं ठरवणार? घरात आधाराचे दांडे बसवले, दिवसातून एकदा कोणी डोकावलं, तर धोका किती कमी होतो? ज्या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न असतात ते महाविद्यालय विचार करायला शिकवतं. मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात, अर्ध्या तासात कळतं.

जेनोग्राम आणि इकोमॅप ही दोन चित्रं प्रत्येक विद्यार्थ्याला काढता यायलाच हवीत. जेनोग्राम म्हणजे कुटुंबाचा नकाशा: तीन पिढ्या, पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. इकोमॅप, म्हणजे कुटुंबाच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या नात्यांचा नकाशा, ॲन हार्टमन यांनी १९७० च्या दशकात तयार केला. मधे कुटुंबाचं वर्तुळ, भोवती शाळा, नोकरी, दवाखाना, शेजार, नातेवाईक. घट्ट नात्याला जाड रेघ, विरळ नात्याला तुटक, ताणलेल्या नात्याला नागमोडी, आणि आधार कुठून कुठे वाहतो ते दाखवणारे बाण. विद्यार्थी हमखास चुकतात ते असं: पहिल्याच भेटीत फॉर्म भरल्यासारखे प्रश्न विचारून चित्र पूर्ण करतात. चित्र सुबक होतं, माणूस थकतो. दोन-तीन भेटींत, कागद मधे ठेवून, पेन्सिल सेवार्थीच्या हातात देऊन ते काढावं. नागमोडी रेघ कुठे काढायची हे त्यालाच ठरवू दिलं की बोलणं आपसूक निघतं.

नोंदी लिहायला शिकवणं हा असाच दुर्लक्षित भाग. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहिता येणं ही या व्यवसायातली अगदी पायाभूत गोष्ट आहे. 'घर अस्वच्छ' हा निष्कर्ष. 'जमिनीवर ओले कपडे, बाळाच्या अंथरुणाला लघवीचा वास' हे निरीक्षण. 'बाई उदास' हा निष्कर्ष; 'वीस मिनिटांत तीनदा रडल्या, रात्री दोनला जाग येते म्हणाल्या' हे निरीक्षण. उद्या हाच कागद न्यायालयात किंवा बालकल्याणाच्या अधिकाऱ्यासमोर जाऊ शकतो, आणि एका विशेषणावर एखाद्या आईकडून मूल काढून घेतलं जाऊ शकतं. रुग्णालयांत चालणारी चार भागांची नोंद, म्हणजे सेवार्थी काय सांगतो, कार्यकर्त्याला काय दिसतं, त्यावरून काय वाटतं आणि पुढे काय करायचं, हिचा सराव किमान वीस वेळा तरी व्हायला हवा. बहुतेक अभ्यासक्रमांत तो दोन-तीनदा होतो.

संशोधनाचा भाग आम्हाला सगळ्यात कमकुवत वाटतो. साठ जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे, 'जनजागृतीची गरज आहे' असा निष्कर्ष लिहायचा. त्याऐवजी एकाच सेवार्थीसोबत काम सुरू करण्याआधी तीन आठवडे एखादी गोष्ट मोजायला शिकवलं, मूल शाळेत किती दिवस गेलं असं काही, आणि मग कामाच्या काळात तेच मोजत राहिलं, तर विद्यार्थ्याला आपल्या कामाचा परिणाम बघायची सवय लागते. ती सवय नोकरीत आयुष्यभर पुरते. अंदाजपत्रक आणि निधीसाठी प्रस्ताव लिहिणं हे तर अनेक ठिकाणी शिकवतच नाहीत, आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तेच अंगावर येतं.

इतिहासाबद्दल थोडकंच. अमेरिकेतल्या समाजकार्याच्या एक प्रवर्तक मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये प्रशिक्षण शाळेची मागणी केली, १८९८ मध्ये न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला, १८९९ मध्ये ॲमस्टरडॅमला स्वतंत्र शाळा निघाली, १९३६ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. १९१५ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्याला पूर्ण अर्थाने व्यवसाय म्हणता येणार नाही असं जाहीर सांगितलं, आणि त्यानंतर अभ्यासक्रमात 'आमचं स्वतःचं तंत्र' दाखवण्याची धडपड वाढली. सिद्धान्त आणि प्रत्यक्ष काम यांच्यातली आजची ओढाताण तेव्हापासूनची आहे, एवढं विद्यार्थ्याला कळलं तरी पुरे.

जिथे चूक परवडत नाही

गोपनीयतेचा तास नीट झालेला नसेल तर विद्यार्थ्याला फील्डवर पाठवूच नये. नेहमीची चूक म्हणजे मायेपोटी दिलेलं वचन: 'मी कोणालाही सांगणार नाही.' पुढच्या वाक्यात सेवार्थी मुलाला होणारी मारहाण सांगतो आणि विद्यार्थी अडकतो. पहिल्या भेटीतच म्हणायचं वाक्य पाठ करून घ्यायला हवं: "तुम्ही सांगाल ते मी आणि माझे सुपरव्हायझर यांच्यातच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाला त्रास होत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि तसं करण्याआधी शक्य असेल तर मी तुम्हाला सांगेन." धोक्यात असलेल्या तिसऱ्या व्यक्तीला वाचवण्याची जबाबदारी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या तारासॉफ निकालात मांडली. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून आपल्या भागात कोणत्या गोष्टी कळवणं बंधनकारक आहे हे महाविद्यालयाने लेखी द्यायला हवं.

आत्महत्येबद्दल विचारायला शिकवणं हा असाच टाळला जाणारा विषय. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती चुकीची आहे. थेट विचारल्याने धोका वाढत नाही. 'तसलं काही मनात येतं का?' असं आडून न विचारता 'आत्महत्येचे विचार येतात का?' असं विचारायला तोंडाला सवय लागते, आणि ती वर्गात जोडीने सराव करूनच लागते. पुढची पायरी सुरक्षा योजनेची. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या योजनेत सहा भाग आहेत: धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, स्वतःला स्वतः करता येण्यासारखे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदतीचे क्रमांक, आणि घरातली जिवाला धोका करणारी साधनं दूर करणं. ती सेवार्थीच्या शब्दांत, त्याच्यासोबत बसून लिहायची. विद्यार्थ्याने मात्र हे एकट्याने हाताळायचं नसतं. सुपरव्हायझरला त्याच दिवशी फोन, ही अट लेखी असावी, आणि तो फोन संध्याकाळी सातनंतरही उचलला जायला हवा.

गृहभेटीची सुरक्षितता तर अनेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. पहिल्या काही भेटी दोघांनी मिळून कराव्यात. निघण्याआधी पत्ता आणि परतायची वेळ संस्थेत नोंदवावी, परतल्यावर कळवावं. आत दाराजवळ, दाराकडे जायची वाट मोकळी राहील असं बसावं. घरात कोणी नशेत असेल तर भेट पुढे ढकलावी, वाद घालू नये. स्वतःचा खासगी मोबाईल क्रमांक देऊ नये, पैसे उसने देऊ नयेत, फोटो काढू नयेत. शिक्षणाच्या पहिल्या पंधरवड्यात हे अर्ध्या दिवसात शिकवून होतं.

थकव्याबद्दल बोलताना बहुतेक अभ्यासक्रम 'स्वतःची काळजी घ्या' असं एक व्याख्यान देतात. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टीना मास्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने आलेला हा थकवा, मोजायची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. दुसरी खूण विद्यार्थ्याला ओळखायला शिकवली पाहिजे, कारण ती बोलण्यात आधी उतरते. सेवार्थीचं नाव जाऊन 'ती डिप्रेशनची केस' येते. योगासनांपेक्षा इथे कामाचा वाजवी भार आणि नियमित सुपरव्हिजन जास्त उपयोगी पडते, आणि नोकरी घेताना एका कार्यकर्त्याकडे किती सेवार्थी असतात हे विचारायला शिकवणारं महाविद्यालय विद्यार्थ्याच्या खरंच बाजूने उभं असतं.

ऑनलाइन पदवी कोणाला चालेल

सिद्धान्त, धोरण, कायदा हे विषय ऑनलाइन व्यवस्थित शिकता येतात. आधीच क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी तर तोच सोयीचा मार्ग. स्किल लॅब मात्र ठरलेल्या वेळी, थेट व्हिडिओवर आणि लहान गटात होते का हे बघावं. खरा धोका फील्डवर्कचा. अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम 'संस्था तुम्हीच शोधा' असं सांगतात. दोन-तीन महिने विद्यार्थी फोन करत राहतो आणि वर्ष वाया जातं. महाविद्यालय संस्थेशी लेखी करार करतं का आणि संस्था मिळाली नाही तर जबाबदारी कोणाची, हे शुल्क भरण्याआधी विचारावं. स्वतःच्या नोकरीच्या जागीच फील्डवर्क करायची परवानगी असेल तर काम वेगळं आणि सुपरव्हायझर वेगळा हवा, नाहीतर तास भरतात आणि नवं काही शिकायला मिळत नाही.

फील्डवर्कची जागा बिघडली तर काय, याचीही पद्धत ठरलेली असावी. पहिल्या दोन आठवड्यांत शिक्षण करार व्हायला हवा: विद्यार्थी कोणती कामं करेल, किती सेवार्थींसोबत, कोणती कौशल्यं शिकेल, चर्चा कोणत्या दिवशी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत करारातलं काम मिळालं नाही तर जागा बदलावी. मध्यावरच्या मूल्यमापनापर्यंत थांबलं की बदलायला उशीर झालेला असतो आणि विद्यार्थी सत्र संपवायचं म्हणून ओढत राहतो.

ज्याला लोकांना सल्ला द्यायला आवडतं म्हणून हे क्षेत्र घ्यायचं आहे, त्याने आधी शंभरेक तास एखाद्या निवारागृहात किंवा हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून घालवावेत. सल्ला द्यायची संधी किती कमी आणि कागदपत्रं, रांगा, फोन, वाट बघणं किती जास्त हे तेव्हा कळतं. ते पाहूनही यावंसं वाटलं तर ही पदवी नक्की घ्यावी.

राहिला शेवटचा टप्पा, ज्याला समापन म्हणतात. परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी संस्थेतून एकदम नाहीसा होतो, आणि आयुष्यात आधीच अनेकांनी सोडून दिलेल्या सेवार्थीला आणखी एक माणूस न सांगता निघून गेलेला दिसतो. २५ आठवड्यांचं काम असेल तर निघण्याची तारीख पहिल्याच भेटीत सांगायची, सहा आठवडे उरले असताना आठवण करायची, तीन आठवडे उरले असताना पुन्हा. शेवटच्या दोन भेटींत काय साधलं आणि काय राहिलं हे सेवार्थीच्या शब्दांत लिहून काढायचं, आणि पुढे काम सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यासोबत एक भेट तिघांनी मिळून करायची. जी महाविद्यालयं हे गांभीर्याने घेतात, ती प्रत्येक सेवार्थीच्या हस्तांतरणाच्या कागदावर नव्या कार्यकर्त्याची सही आल्याशिवाय फील्डवर्क पूर्ण झाल्याची नोंद करत नाहीत.